अठ्ठेचाळीस मिनिटं

गाडीचं तोंड जॅकवर फूटभर वर गेलं आणि तेलाचा दाब दाखवणाऱ्या गेजची सुई खाली आली. एकदम आपटली नाही. एसटीच्या थांब्यावर म्हातारं माणूस गुडघ्यावर हात ठेवून टेकतं, तशी सावकाश, थरथरत टेकली. रामनाथनं जॅक उतरवला, सुई परत वर गेली. पुन्हा चढवला, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा त्यानं ते केलं नाही. खरं म्हणजे कुठल्याही मिस्त्रीला अशा वेळी बरं वाटायला हवं. दुखणं हाती लागलं, आता हात पुसावेत आणि समोरच्या टपरीवर चहा सांगावा. तीन दिवस ही पांढरी गाडी त्याच्या राजुरीच्या गॅरेजात पडून होती आणि तीन दिवस सपाट फरशीवर अगदी शहाण्यासारखा दाब दाखवत होती. आज पहिल्यांदा तिला चढावर उभी केल्यासारखी धरली आणि तिनं तोंड उघडलं. पण रामनाथनं हात पुसले नाहीत, चहाही सांगितला नाही. इंजिन चालू, तोंड वर, दाब खाली. याचा अर्थ काय होतो ते त्याला कळत होतं, आणि कळत नसतं तर किती बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

गाडी बेल्ह्याच्या उत्तमचंद शेठची. तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान, दोन पिढ्यांपासूनचं. शेठ गेले त्याला सव्वा महिना झाला होता. श्रावणातल्या एका बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, दुकानात गिऱ्हाइकाला हंडा दाखवता दाखवता त्यांच्या छातीत कळ आली. मुलगा विपुल यानं त्यांना मागच्या सीटवर घातलं, आई चंदाबाई शेजारी बसल्या, आणि बैलांच्या टेम्पोंमधून मुंगीच्या पावलानं वाट काढत गाडी नारायणगावच्या दवाखान्याकडे निघाली. गाव सुटलं, चढ लागला, आणि चढाच्या मध्यावर गाडीनं पाय गाळले. इंजिन बोंबलत होतं, गाडी जागची हलत नव्हती. विपुलनं पाय दाबला, आणखी दाबला, पार खालपर्यंत नेला. गाडी नुसती ओरडत राहिली. दुसरं वाहन मिळेतो पंचवीस मिनिटं गेली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. डॉक्टर लोक बोलून जातात, त्यांचं काय जातं! पण ते वाक्य विपुलच्या डोक्यात जे रुतलं ते रुतलंच.

परवा तो गाडी टेम्पोमागं बांधून घेऊन आला तेव्हा दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. आल्या आल्या म्हणाला, "रामनाथभाऊ, दुरुस्त करा न्हाईतर भंगारात घाला, मला ती चालवायची न्हाई. मला फक्त एक सांगा. मी पाय दाबला म्हणून ती गेली का? हळू घेतली असती तर चढली असती का?"

"बघतो, भाऊ. बघितल्याबिगर कसं सांगू?"

"न्हाई, पण खरं सांगा. बायको म्हणती, गाड्या बंद पडतात, तुमी काय मुद्दाम केलं का. सगळे मला तेच सांगतात. मम्मी तर बोलतच न्हाई. मला महिनाभर झोप न्हाई, राव. डोळे मिटले की ते इंजिन ओरडतं. पप्पा मागून म्हणत व्हते, सावकाश, विपुल, सावकाश. आणि मी दाबतच राहिलो."

हे ऐकताना रामनाथला वाईट वाटलं होतं, अगदी मनापासून वाटलं होतं. पण आता लपवून काय उपयोग, त्यात थोडा तोराही होता. सगळे ज्याला समजावतात तो माणूस आपल्याकडे निवाडा मागायला आला, हा तोरा. जुन्नर-आंबेगावात असल्या गाडीच्या पोटात हात घालणारा तो एकटा. बाकीचे बॉनेट उघडून वाकून बघायचे आणि पुण्याला न्या म्हणायचे. या गाड्यांना दातांचे गिअर नसतात. दोन पुल्या, मधे पोलादी पट्टा, आणि पट्टा घसरू नये म्हणून पुल्यांना आवळून धरतं ते तेल. तेलाचा दाब आहे तोवर पकड आहे. दाब गेला की पट्टा जागच्या जागी घासत राहतो, मग इंजिन कितीही ओरडो. चाकणच्या वर्कशॉपात त्यानं सहा वर्षं काढली, तिथले फोरमन दादाभाऊ हे शिकवताना मूठ आवळून दाखवायचे. म्हणायचे, रामनाथ, गाडीला माणसासारखं विचारायचं. बाबा रे, दमतोस कधी? बसल्यावर, का चढताना? तिथं रामनाथ डोळे मिटून नुसत्या आवाजावरून पंप ओळखायचा. दादाभाऊ सगळ्यांदेखत त्याच्या पाठीवर थाप मारायचे, आणि डोंगरातनं आलेल्या पोराच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

म्हणून पहिल्या दिवशी त्यानं पंपावर संशय घेतला. पंप चांगला निघाला. दुसऱ्या दिवशी दाब राखणारा व्हॉल्व्ह काढला, धुतला, बोटांत फिरवून बघितला. चकचकीत. फिल्टर बघितला. कुठं गळती आहे का म्हणून गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी पुठ्ठा कोरडा ठणठणीत. खरं तर असल्या गाडीत सगळ्यांत आधी तेल मोजतात. काल मिसरूड फुटलेला मिस्त्रीसुद्धा मोजतो. रामनाथनं मोजलं नव्हतं. का, तर तेल त्यानं स्वतः भरलं होतं, फाल्गुनात. आपण भरलेलं तेल आपण काय मोजायचं! आता सुई खाली बसलेली बघून त्याला हे कळलं, आणि हेही कळलं की तीन दिवस तो पंपाला मनातल्या मनात गळ घालत होता. तू खराब निघ रे बाबा. तू निघ.

त्यानं गाडी खाली घेतली, मापाचा डबा लावला आणि नट सोडला. तेल आलं, काळपट, उन्हात धरलं तर आत चांदीचा चुरा चमकत होता. तो पट्ट्याचा चुरा. साडेतीन लिटरवर रेघ होती. दोनाच्या रेघेवर धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही थांबलं. दीड लिटर कमी. गळती नाही म्हणजे ते कुठं गेलं नव्हतं. ते आत कधी गेलंच नव्हतं. सपाटीला पंपाला पुरत होतं. उन्हाळाभर कसंबसं पुरलं, पट्टा मात्र आत झिजत गेला. त्या दिवशी बाजाराच्या गर्दीत तेल तापून फेसाळलं, आणि चढावर तोंड वर झाल्याबरोबर सगळं मागं गेलं, पंपाच्या तोंडाशी नुसती हवा आली. त्यानं टॉर्च धरून मापाचा नट बघितला, तेल पुरं भरलं का ते जो उघडून बघतात तो. नटावरून बाजूच्या धातूवर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढलेली होती, अखंड. काम झालं की तो स्वतः ती ओढायचा, दुसऱ्या कुणी उघडलं तर मोडलेली दिसावी म्हणून. कुणीच उघडलं नव्हतं. त्याच्यानंतर त्या नटाला माणसाचा हात लागलेला नव्हता.

गाडीखाली उताणा पडून तो त्या रेघेकडे बघत राहिला. फाल्गुनातली ती संध्याकाळ त्याला शोधावी लागली नाही, उलट गेले सहा महिने ती त्यानं जपून ठेवली होती, चांगली आठवण म्हणून. विपुल शेठना आणि गाडीला सोडून गावात एका लग्नघरी भांड्यांचं बघायला गेला होता. शेठ खुर्चीवर बसले, घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं. मग म्हणाले, रामनाथभाऊ, एका कोपऱ्यात बसू का? आज सामायिक राहिलंय. रोज एक करायचं असा नियम हाय. रामनाथनं मागचा कोपरा झाडून दिला. शेठनी पिशवीतनं पांढरं आसन काढून अंथरलं, तोंडावर जैन मंडळी बांधतात ती मुहपत्तीची पट्टी बांधली, माळ घेतली. अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी बसायचं, कुणाला काही कर म्हणायचं नाही, काही नको म्हणायचं नाही, मन थाऱ्यावर ठेवायचं. गाडीचं इंजिन चालू होतं. ते चालूच लागतं. या गाडीचं तेल इंजिन चालू ठेवून, तापवून, सगळीकडं खेळवून मोजायचं असतं, दादाभाऊंनी हे शंभरदा घोकून घेतलेलं. पण कॉम्प्रेसर धडधडला की शेठचे ओठ मुहपत्तीआड थांबायचे, मणी बोटांत अडकायचा. काही बोलले नाहीत ते, बोलायचंच नसतं. रामनाथनं आधी कॉम्प्रेसर बंद केला. मग समोरच्या टपरीवाल्याला हातानं खूण केली, त्यानं गाणी बंद केली. मग, कुणी सांगितलेलं नसताना, पाय न वाजवता गाडीपाशी गेला आणि इंजिन बंद केलं.

काय शांतता पसरली हो त्या गॅरेजात! तेरा वर्षांत पहिल्यांदा. पत्र्यावर साळुंक्या चालत होत्या त्यांच्या नखांचा आवाज येत होता. रामनाथला डोंगरातली दुपार आठवली, भात काढून झाल्यावरची, गुरंसुद्धा हंबरत नाहीत तशी. त्या शांततेत त्यानं तेल भरलं, बरणी तिरकी धरून, थेंब वाजू न देता. मापाचा नट उघडला, जास्तीचं तेल आलं, धारेचे थेंब झाले, त्यानं नट आवळला. ट्रॅक्टरचं तेल असंच बघतात, इंजिन बंद करून, दम घेऊ देऊन, आणि त्याच्या हातानं हजार ट्रॅक्टर बघितलेले. इंजिन बंद असलं की सगळं तेल खाली उतरून बसतं आणि माप पुरं भरल्यासारखं दाखवतं, बाहेर पडतं ते जास्तीचं नसतंच, हे त्याला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? माहीत होतं. सामायिक झालं की इंजिन लावून पुन्हा बघू, असं मनात म्हणालाही होता. पण मिनिटं भरली आणि विपुल आला, सूर्य टेकलेला, शेठना सूर्य मावळायच्या आत जेवून घ्यायचं होतं. चला चला झालं. रामनाथनं रेघ ओढली. शेठनी गाडीत बसताना त्याचा खांदा दाबला.

घरी जाऊन त्यानं बायकोला, रुपालीला, हे सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. ती म्हणाली होती, एवढ्या खटपटीत देवाच्या कामाला हात लागला म्हणायचा. आणि त्याला खरंच तसं वाटलं होतं. दिवसभर आदळआपट, शिव्या, ग्रीस, खोटं बोलणारी गिऱ्हाइकं, यात एक गोष्ट आपण कुणी न सांगता, नितळ मनानं केली. हाच तर नशिबाचा मोठा दुष्टपणा आहे, त्याला वाटलं. आळसानं चुकलो असतो, लबाडीनं चुकलो असतो, दारू पिऊन चुकलो असतो तर निदान त्या चुकीला धरून स्वतःला बडवता आलं असतं. इथं बडवायचं कुणाला? मागं वळून वळून बघावं तर तिथं एक माणूस पाय न वाजवता चालतोय.

तो गाडीखालून बाहेर आला. हात पुसले, पुन्हा पुसले. त्याला त्याचा बाप आठवत होता, आठवायचा नसताना. डिंभ्याच्या वरच्या अंगाला गाव, रस्ता नाही. बापाच्या, भागूच्या पोटात आतडं पिळलं तेव्हा गावातल्या चौघांनी बांबूला चादर बांधून डोली केली आणि डोंगर उतरायला लागले. अकरा वर्षांचा रामनाथ बापाचा पाय धरून शेजारनं पळत होता, पाय लोंबू नये म्हणून. डांबरी दिसायला लागली तेव्हा त्याच्या हातातला पाय गार झाला होता. गाव म्हणालं, रस्ता असता तर वाचला असता. बाराव्याला म्हणालं, वर्षश्राद्धाला म्हणालं. आई म्हणाली. रस्त्याला नावं ठेवून ठेवून सगळे हळूहळू शांत झाले. रामनाथ शांत झाला नाही, तो गाड्यांच्या मागं लागला. आता हे काय होऊन बसलं? रस्ता होता, चांगला गुळगुळीत. गाडी होती. चालवणारा पोटचा पोरगा होता. आणि तेल मी कमी भरलं.

मग नको ते विचार आले. नव्या बरणीतलं दीड लिटर ओतावं. पट्टा झिजलेला आहेच, पट्टा तुटायला आला होता म्हणावं, कंपनीचा माल खराब म्हणावं. कुणाला कळणार आहे? या दोन तालुक्यांत हे कळणारा एकच माणूस होता आणि तो इथं चिंधी पिळत उभा होता. पण विपुलच्या डोळ्यांखालचं काळं त्याला दिसलं आणि त्याला स्वतःची किळस आली. नाही. सांगायचं. आज येतोय तो, दुपारी, आईला मंचरला साध्वींच्या व्याख्यानाला घेऊन चाललाय, वाटेत थांबतो म्हणालाय. त्याला समोर बसवायचं आणि सांगायचं, भाऊ, तू पाय दाबला म्हणून काही झालं नाही. तेल कमी होतं. मी कमी भरलं होतं. मार मला. उद्या बेल्ह्यात बोभाटा होईल, गिऱ्हाईक तुटेल, गॅरेजला टाळं लागेल, लागू दे. पोरगा तर सुटेल. हे ठरल्यावर त्याच्या छातीतलं थोडं हलकं झालं. तो वाक्य घोळवायला लागला. आधी काय, मग काय. भाऊ, चूक माझी. भाऊ, जरा बस.

शेजाऱ्याची गाडी गॅरेजसमोर थांबली तेव्हा दोन वाजले होते. शेजारी स्वतः चालवत होता, विपुल त्याच्या बाजूला. रामनाथ पुढं झाला आणि बघतो तर मागून चंदाबाईही उतरत होत्या, दाराला धरून, एकेक पाय टाकत. फिकट साडी, हात मोकळे. रामनाथनं खुर्ची ओढली. त्या बसल्या नाहीत. गॅरेजभर नजर फिरवून म्हणाल्या, "ते कुठं बसले व्हते, भाऊ?"

रामनाथला आधी कळलंच नाही.

"फाल्गुनात. सामायिकाला."

त्यानं मागच्या कोपऱ्याकडं हात केला. तिथं आता दोन टायर आणि एक फुटका रेडिएटर पडला होता. चंदाबाई चालत तिथं गेल्या आणि टायरांकडं बघत उभ्या राहिल्या. विपुल चकित होऊन आईकडे बघत होता. महिन्यात एवढं बोलणं त्यानंही ऐकलं नसावं.

"एकतीस वर्षं रोज एक," त्या म्हणाल्या. "तापात केलं, लग्नाच्या गर्दीत केलं. त्या दिवशी राहिलंच असतं. घरी येऊन दहा जणांना सांगितलं त्यांनी, रामनाथनं माझ्यासाठी मशीन बंद केली. मी सांगितलं न्हाई, त्यानं आपणहून केली, म्हणाले. आणि परवा," त्या थांबल्या. सव्वा महिन्याला त्या परवा म्हणत होत्या. "त्या चढावर, हा पुढं धडपडत व्हता, तेव्हा माझा हात धरून म्हणाले, चंदा, भिऊ नको. माझा नियम मोडला न्हाई. तेवढंच म्हणाले. मी त्याच्यावरच दिवस काढते, भाऊ. त्यात तुमचा वाटा हाय. ते सांगायला आले."

त्यांनी हात जोडले. आपल्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या बाईनं हात जोडले आणि रामनाथ नुसताच वाकला.

"सापडलं का काही?" विपुलनं विचारलं. आवाज एकदम कोरडा. "बोला, रामनाथभाऊ. मी तयार हाय."

रामनाथकडं वाक्य होतं. सकाळपासून घोटलेलं होतं. भाऊ, चूक माझी, इथून सुरू व्हायचं आणि मग विपुल विचारणार, तुमची चूक कशी? मग शेठ सामायिकाला बसले, मग मी इंजिन बंद केलं. कुठूनही सुरू केलं तरी ते तिथंच जात होतं, त्या कोपऱ्यात, जिथं ती बाई उभी होती. त्यानं मधलं काढून टाकायचा प्रयत्न केला.

"तेल कमी पडलं, भाऊ," तो म्हणाला.

"तेल? तेल तर तुमीच भरलं व्हतं की."

"भरलं व्हतं."

चंदाबाई कोपऱ्यातून वळल्या. "त्याच दिवशी ना?" त्यांनी सहज विचारलं. मग रामनाथकडं बघितलं. काही कळल्यामुळं नाही. पण कळायच्या आधी माणूस जसं थबकतं तशा त्या थबकल्या, आणि त्यांचा एक हात टायरावर टेकला. त्या हाताकडं बघताना रामनाथला वाटलं, आणखी एक शब्द, फक्त एक, आणि या बाईजवळचं जे काय उरलंय ते मी काढून घेतो. विपुलला आज झोप लागेल आणि हिला परत कधी लागणार नाही.

"न्हाई काकू, भरलं बरोबर व्हतं," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत होता, मिस्त्रीचा, ठाम. "जळलं. चढावर लई जोर पडला की जळतं ते."

विपुल दोन पावलं पुढं आला. "म्हणजे मी दाबलं म्हणून."

बाहेर हायवेला उसाची एक रिकामी ट्रॉली खडखडत गेली. ती पार लांब जाईपर्यंत रामनाथला वेळ होता. त्यानं तो घेतला, आणि ट्रॉली गेली.

"असंल, भाऊ," तो म्हणाला.

विपुलनं मान हलवली, दोनतीनदा, हळूहळू. रडला वगैरे नाही. आईपाशी गेला, तिचा हात टायरावरून सोडवला, धरून गाडीत बसवलं, पदर दारात अडकला होता तो आत सारला. मग दार लावून परत आला आणि रामनाथचे दोन्ही काळे हात आपल्या हातात घेतले.

"लई उपकार झाले," तो म्हणाला. "बाकी सगळे नुसते समजावत व्हते. खरं सांगणारे तुमी एकटे."

रामनाथ बरं म्हणाला.